लेक दोन वर्षांची होतेय : तक्त्यात नसलेले टप्पे (आणि वाढदिवसाचा घोळ)

अर्धविराम
नमस्कार मंडळी. इतके दिवस वाचनमात्र होतो, पहिल्यांदाच धागा काढतोय, सांभाळून घ्या.

लेक पुढच्या महिन्यात दोन वर्षांची होईल. डॉक्टरांकडच्या तक्त्यावर खुणा करून झाल्या. पळते, बॉलला लाथ मारते, हात धरून जिना चढते, चमचा तोंडापर्यंत पोचतो (बहुतेक वेळा रिकामा पोचतो पण त्यासाठी वेगळा रकाना नाही). पण मला खरं थक्क करणाऱ्या गोष्टी त्या कागदावर कुठेच नाहीत. परवा तिने मोजा कानावर चढवला आणि माझ्याकडे बघत थांबली, मी हसेपर्यंत थांबली, आणि मग स्वतः खो खो हसली. म्हणजे हा विनोद होता, ठरवून केलेला! आता ती खोलीत गेली की दार लोटून घेते आणि आतून "नाई, बाबा नाई". माणसाला दोन वर्षं पुरी व्हायच्या आत प्रायव्हसी लागते हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

तर प्रश्न दोन. एक, तुमच्या पोरांचे असे तक्त्याबाहेरचे टप्पे सांगा. दोन, वाढदिवस. बायकोला सगळे नातेवाईक, मित्र, त्यांची मुलं असं सगळं करायचंय, मला घरात पाचसहा जण पुरेत असं वाटतं. आणि एक छुपा तिसरा प्रश्न, मेहुणीचा मुलगा हिच्याच वयाचा, तो पूर्ण वाक्यं बोलतो, आमच्याकडे अजून एकेक शब्दच चालू आहेत. काळजी करू का?

पिल्लूचीआई
मोजा कानावर!!! हाहाहा. आमच्याकडे पातेलं डोक्यावर. तेच, तस्संच थांबून बघणं. प्रेक्षक हसला नाही तर प्रयोग पहिल्यापासून.

खडूस बोका
वाढदिवसाचं सोपं आहे. तिला काहीही आठवणार नाहीये. मोठ्या माणसांच्या सगळ्यात जुन्या आठवणी सरासरीने तीन-साडेतीन वर्षांच्या वयाच्या असतात, त्याआधीचं जवळजवळ सगळं पुसलं जातं. तेव्हा जे काही कराल ते तुमच्यासाठी आणि फोटोंसाठी असेल, एवढं मान्य करून मग माणसं मोजा.

शेपटीवाली
बोकोबा आले की धाग्याचं तापमान उतरतंच. आठवणार नाही म्हणून करू नये हा काय न्याय आहे? मग तिला गोष्टी सांगू नका, फिरायला नेऊ नका, तेही आठवणार नाहीये.

आणि "आठवत नाही" हे अर्धंच खरं आहे हं. दोन वर्षांच्या मुलांना महिन्या-दोन महिन्यांपूर्वीचं व्यवस्थित आठवतं. माझ्या भाचीला ज्या घरात एकदा कुत्रा अंगावर आला त्या घराच्या कोपऱ्यावर ती बरेच महिने कडेवर चढायची. मोठेपणी पुसलं जातं ते वेगळं. आत्ता तिच्याकडे ती आठवण आहे ना, मग आत्ता चांगला दिवस जाऊ दे की.

खडूस बोका
फिरायला नेऊ नका असं मी कुठे म्हटलं? पन्नास माणसं बोलावू नका म्हटलं. पन्नास माणसं आणि फेरफटका यात फरक आहे.

ध्वनी
मी वाचा-उपचारक आहे म्हणून तिसऱ्या प्रश्नावर जरा लांब लिहिते, कंटाळा आला तर पुढे जा.

दोन वर्षांच्या आसपास साधारण दोन गोष्टी बघतात. शब्द पन्नासेक असावेत, आणि दोन शब्द जोडायला सुरुवात झालेली असावी, "बाबा ये", "अजून दे" असं. पूर्ण वाक्यं या वयात अपेक्षित नाहीत, त्यामुळे मेहुणीच्या मुलाला फूटपट्टी करू नका, तो पुढे आहे इतकंच.

दुसरं, शब्द मोजताना आईबाप फार कंजूषपणा करतात. "भू भू", "म्याऊ", "भूर", "बुवा" हे सगळे शब्दच. उच्चार चुकला तरी चालतो, दर वेळी त्याच गोष्टीला तेच म्हणते ना, झाला शब्द. घरात दोन भाषा असतील तर दोन्हीकडचे मिळून मोजायचे. आणि हो, दोन भाषांमुळे बोलणं लांबतं ही समजूत मनातून काढून टाका, केवळ त्यापायी एक भाषा बंद करायची गरज नसते.

शब्दांपेक्षा मी आधी हे विचारते : सांगितलेलं कळतं का? (हातवारे न करता "बूट आण" म्हटलं तर आणते का.) बोट दाखवून तुम्हाला काहीतरी *दाखवते* का, फक्त मागायला नाही, "ते बघ" म्हणून? हाक मारली की वळते का? ही तीन असतील तर मी बऱ्यापैकी निर्धास्त असते. तरीही दोन पूर्ण झाल्यावर शब्द जोडणं सुरू नसेल तर एकदा दाखवून घ्या आणि कान तपासून घ्या. सर्दीनंतर कानात पाणी साठून महिनोन्महिने कमी ऐकू येणारी मुलं असतात आणि घरात कुणाला पत्ता नसतो, कारण दार वाजलं की ती वळतात.

"मुलगे उशिराच बोलतात", "ह्याचा बाप पण चार वर्षांचा होईपर्यंत मुका होता" हे सांगणाऱ्या लोकांना चहा पाजा आणि अपॉइंटमेंट घ्या. उशिरा बोलणारी बरीच मुलं आपोआप गाठतात हे खरं, पण नेमकी कुठली गाठणार हे आधी कुणालाच सांगता येत नाही.

अर्धविराम
ध्वनी, फार फार आभार. "नाई बाबा" हे दोन शब्द धरायचे का? मग आम्ही पास आहोत, दिवसभर तेच चालतं :)
बोट दाखवणं भरपूर आहे. विमान, पंखा, आणि अनोळखी माणसांचं टक्कल. बूट आणते, एकच आणते.

ध्वनी
धरायचे की. "नाई बाबा", "नाई जोजो", "नाई टोपी" अशी अदलाबदल करत असेल तर अजूनच छान, म्हणजे नुसतं पाठ केलेलं नाही, ती जोडतेय.

रानवारा
+१ बूट एकच.

मधली सुट्टी
बालरोगतज्ज्ञ आहे, पण इथे काका म्हणूनच बोलतोय, फी नाही.

तक्त्याबद्दल लोकांचा एक मोठा गैरसमज असतो. त्यात एक आकडा छापलेला असतो आणि त्या तारखेला पोराने ते केलं नाही की घरात सुतक. खरं तर दर टप्प्याला मोठी खिडकी असते. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये वेगवेगळ्या देशांतल्या धडधाकट मुलांच्या हालचालींचे टप्पे प्रसिद्ध केले, त्यात आधाराशिवाय चालण्याची खिडकी ८.२ ते १७.६ महिने आहे. नऊ महिन्यांचा फरक, आणि दोन्ही टोकं नॉर्मल. त्याच अभ्यासात चारेक टक्के मुलं हातापायावर रांगलीच नाहीत, थेट पुढचं काम.

अमेरिकेच्या सीडीसीने (तिथली सरकारी आरोग्यसंस्था) २०२२ मध्ये टप्प्यांची आपली यादी बदलली, त्याचं कारणही समजून घ्या. आधी त्या वयाला निम्मी मुलं जे करतात ते यादीत होतं, म्हणजे उरलेल्या निम्म्यांचे आईबाप विनाकारण घाबरणार, किंवा डॉक्टर म्हणणार "थांबू, बघू". आता त्या वयाच्या निदान ७५ टक्के मुलांना जमायला हवं तेच त्या वयाच्या यादीत ठेवलंय. म्हणजे आता एखादी गोष्ट राहिली तर "होईल हो" म्हणून सोडू नका, विचारा.

आणि अर्धविराम, तुमचा मुद्दा अर्धा खोडतो. दुसरं कुणी रडलं की थांबून बघणं, नवीन ठिकाणी गेल्यावर "घाबरू का नको" हे ठरवायला आईबापाच्या तोंडाकडे बघणं, ही दोन्ही त्या दोन वर्षांच्या यादीत आहेत. लोक ती वाचत नाहीत, बॉल आणि जिना वाचतात, कारण ते व्हिडिओत येतं.

एक गोष्ट मात्र कुठल्याही वयात थांबून बघायची नसते : येत असलेलं जाणं. बोलत होता आणि शब्द गेले, टाटा करायचा आणि बंद झाला, तर त्याच आठवड्यात दाखवा.

नवबाबा
डॉक्टर काका, आमचा आठ आठवडे आधी झालाय. दोन वर्षांचा होतोय, उड्या मारत नाही, दोन्ही पाय एकदम उचलतच नाहीत. कुठलं वय धरू?

मधली सुट्टी
दोन वर्षांपर्यंत टप्पे बघताना तेवढे आठवडे वजा करून बघतात. म्हणजे तुमचा आत्ता बावीस महिन्यांचा धरा. आणि दोन्ही पाय उचलून उडी तशीही अडीच वर्षांच्या यादीत आहे. त्याला सुखाने जमिनीवर राहू द्या.

नवबाबा
देव तुमचं भलं करो. बायकोला हा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला.

टिकटिक
तक्त्याबाहेरचा टप्पा : पहिली थाप. मुलगा पावणेदोनचा. भिंतीवर खडूने रेघोट्या, खडू हातात, विचारलं कुणी केलं, तर "माऊ". आमच्याकडे मांजर नाही.

खडूस बोका
त्याला थाप म्हणत नाहीत. थाप मारायला समोरच्याच्या डोक्यात काय आहे हे कळावं लागतं, ते इतक्या लहानपणी नसतं. त्याला "कुणी" असं विचारलंत, त्याने माहीत असलेलं एक नाव सांगितलं.

टिकटिक
बोकोबा, त्याने खडू पाठीमागे लपवला होता.

खडूस बोका
...बरं. होनहार आहे.

पिल्लूचीआई
हाहाहा. बोक्याला गप्प केल्याबद्दल टिकटिकच्या चिरंजीवांना आमच्यातर्फे खडूची पेटी.

वाकडी तिकडी
आरशाचं कुणी लिहिलं नाही अजून? मुलांच्या नाकावर नकळत लाल ठिपका लावून आरशासमोर उभं करायचा एक प्रसिद्ध प्रयोग आहे, १९७२ चा. लहान बाळं आरशातल्या "दुसऱ्या बाळाशी" खेळतात, आणि दीड-दोन वर्षांच्या दरम्यान बरीच मुलं आरशाऐवजी स्वतःच्या नाकाला हात लावायला लागतात. म्हणजे आरशातला मीच आहे हे कळलेलं असतं.

मी घरी लिपस्टिक लावून केला. चिरंजीवांनी आरसा बघितला, नाकाला हात लावला (मी टाळ्या), मग लिपस्टिक कुठे ठेवलीय ते शोधून काढलं आणि उरलेल्या तोंडाला लावली. विज्ञान महागात पडतं.

पण गंमत म्हणजे त्याच सुमारास त्याचं लाजणं सुरू झालं. आधी नागडा कुठेही पळायचा, कौतुक केलं की नुसता बघायचा. आता "कित्ती छान दिसतोय" म्हटलं की माझ्या मांडीत तोंड खुपसतो. आणि त्याच दिवसांत "माझं". बादली माझी, चप्पल माझी, शेजारच्या काकांची गाडी माझी. स्वतःचा शोध लागला की माणूस पहिलं काम सातबारा करायचं करतो.

रानवारा
सातबारा :ड

तिरकी रेघ
मी जरा वेगळं लिहिते, मूड खराब केला तर माफी.

मला हे टप्पे-टप्पे आता सहन होत नाहीत. आयांचा एक ग्रुप आहे, रोज सकाळी कुणाचं तरी पोर रंग ओळखतं, कुणाचं वीसपर्यंत म्हणतं. माझा मुलगा दोन वर्षं तीन महिन्यांचा, गेल्या वर्षभरात आमच्या घरातला सगळ्यात मोठा टप्पा म्हणजे तो सलग झोपायला लागला. तो कुठल्या यादीत लिहू? दिवसभर नोकरी, संध्याकाळी तो, रात्री स्वयंपाकघर, आणि वर "पहिला शब्द कुठला होता गं?" असं कुणी विचारलं की मला खरंच सांगता येत नाही. पाळणाघरातल्या ताईंना माहीत असेल. चाललाही तो त्यांच्यासमोरच. त्यांनी मला सांगितलं नाही, संध्याकाळी म्हणाल्या "आज उभा राहतोय बरं का, लक्ष ठेवा", म्हणजे माझ्यासमोर होईल तेच पहिलं. मला हे खूप नंतर कळलं.

पिल्लूचीआई
तिरकी रेघ, मिठी. त्या ताई थोर आहेत. ग्रुप म्यूट कर, एक वर्षासाठी करता येतो.

मधली सुट्टी
आणि वीसपर्यंत म्हणणं हा दोन वर्षांचा टप्पा नाहीच. ते पाठांतर आहे. "एक बिस्कीट दे" म्हटल्यावर एकच दिलं तर मला सांगा. सलग झोपेबद्दल अभिनंदन, या वयात दिवसाची धरून ११ ते १४ तास झोप लागते, आणि ती झाली नाही तर कुणाचाच विकास होत नाही, आईचा तर नाहीच.

आजोबा ऑनलाईन
आमच्या वेळी तक्ते नव्हते. पोर पडलं की चालायला शिकतंय असं समजायचं. नातीचं बघतो आता निवांत बसून. मुलांच्या वेळी हे बघायला सवड नव्हती, खोटं कशाला बोला.

एक निरीक्षण : नात तिच्या भावामागे असते म्हणून "मी जातो, मी खातो" म्हणते. सूनबाई दुरुस्त करतात. मी म्हटलं राहू द्या, जाते की नाही ते महत्त्वाचं. आणि फोनमध्ये शेकडो व्हिडिओ आहेत ते कोण बघणार? मी एक वही केलीय. तारीख आणि एक ओळ. "आज पावसाला ये म्हणाली." "आज मला चष्मा आणून दिला, न मागता." बास.

अर्धविराम
आजोबा, वहीची कल्पना उचलतोय.

शेपटीवाली
वाढदिवसाकडे या लोकहो. आम्ही दोन्ही केलंय, मोठ्याचा दणक्यात, धाकटीचा घरात. दणक्यातल्याचं आठवणीतलं सांगते. सगळे एकदम गायला आणि टाळ्या वाजवायला लागले आणि उत्सवमूर्ती किंचाळून रडायला लागली, कारण अचानक वीस मोठी माणसं तोंडाकडे बघत ओरडतायत, मी असते तर मीही रडले असते. नंतर तो पूर्ण वेळ टेबलाखाली खोक्यात. भेटवस्तू बाजूला, खोकं घेऊन आत.

त्यातून शिकलेलं :
वेळ दुपारच्या झोपेनंतरची ठेवा, झोपेच्या वेळेला नाही. तास-दीड तासात आवरा. गाणं हळू म्हणा, टाळ्या नकोत. मुलं एकमेकांशी खेळतील अशी अपेक्षाच नको, या वयात ती शेजारी शेजारी बसून आपापलं खेळतात (याला रीतसर नाव आहे, मिल्ड्रेड पार्टन बाईंनी १९३२ मध्ये लिहून ठेवलंय), म्हणून एक भारी खेळणं ठेवण्यापेक्षा एकाच प्रकारची चार स्वस्त ठेवा. तिची सगळ्यात लाडकी वस्तू पाहुणे यायच्या आधी कपाटात. आणि भेटी पाहुण्यांसमोर उघडू नका, "माझं" चालू आहे ना सध्या.

मधली सुट्टी
शेपटीवालींच्या यादीत दोन गोष्टी घाला, या मात्र गंभीरपणे.

फुगे. न फुगवलेला किंवा फुटलेला फुगा तोंडात गेला तर घशाला चिकटून श्वास बंद करू शकतो, आणि तो काढणं फार अवघड असतं. फुगे वर बांधा, फुटला की तुकडे लगेच उचला, मुलांच्या हातात फुगवायला देऊ नका.

दुसरं बटन बॅटरी. वाजणारी मेणबत्ती, गाणारं ग्रीटिंग, दिवे लागणारं खेळणं, सगळ्यांत ती चपटी गोल बॅटरी असते. स्क्रूने बंद होणारं झाकण नसेल तर ती वस्तू घरात नको. गिळली गेली आणि अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांत गंभीर भाजतं. नुसती शंका आली तरी वाट न बघता सरळ हॉस्पिटल गाठायचं, उलटी करवायची नाही.

नवबाबा
आमच्याकडे गाणारी मेणबत्ती कालच आलीय. चाललो परत करायला.

दातेरी
अजून एक. साधारण दोनच्या आगेमागे शेवटच्या दुधाच्या दाढा यायला लागतात, २३ ते ३३ महिन्यांच्या दरम्यान. नेमक्या वाढदिवसाच्या आठवड्यात पोर चिडचिडं, बोटं तोंडात, काही खात नाही असं झालं तर "दोन वर्षांचं झालं आणि हट्टी झालं" म्हणायच्या आधी तोंडात बघा.

मधली सुट्टी
दातेरींना अनुमोदन. आणि खाणं तसंही कमी होतं. पहिल्या वर्षात वजन तिप्पट, दुसऱ्या वर्षात जेमतेम दोन-अडीच किलो वाढ. कमी वाढायचंय तर कमी लागतं, इतकं साधं. केक खाल्ला नाही म्हणून मागे लागू नका.

खडूस बोका
केक मी खाईन, पत्ता पाठवा.

वाकडी तिकडी
आता पन्नास माणसांत मोजले जाणार बोकोबा.

अर्धविराम
मंडळी, सगळे प्रतिसाद बायकोला वाचायला दिले. तिचं म्हणणं तुम्ही सगळ्यांनी तिची बाजू नीट ऐकलीच नाही, म्हणून तिचं तिच्याच शब्दात टंकतो : "मला पार्टी लेकीसाठी नकोच आहे. दोन वर्षं आपण दोघं कुठे गेलो नाही, कुणाला धड भेटलो नाही, ज्यांनी तेव्हा रात्री-बेरात्री मदत केली त्यांना एकदा घरी बोलवायचंय. ती झोपली तरी चालेल." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तर ठरलंय असं, संध्याकाळी लवकर तिच्यासाठी छोटंसं, आजी-आजोबा आणि मेहुणीचा वाक्यं बोलणारा मुलगा. ती झोपल्यावर मोठ्या माणसांचं. फुगे वरती. कानाची तपासणीही लावून टाकलीय, ध्वनी.

आणि वहीत पहिली ओळ बायकोने लिहिली : "आज बाबाला खोलीबाहेर काढलं, आईला आत घेतलं."

शेपटीवाली
वहिनींना सांगा, मी चुकीच्या प्रश्नाचं उत्तर लांबलचक देत बसले होते. ती झोपल्यानंतरची पार्टी हाच योग्य मार्ग आहे आणि तो कुणी मला आधी सांगितला नाही.

खडूस बोका
म्हणजे मी म्हटलं तेच. स्वतःसाठी करा.

तिरकी रेघ
वहिनींना +१००. मीही बोलावणार आहे, पाळणाघरातल्या ताईंना.

चिंचोका
नमस्कार, नवीन सदस्य. धागा छान. माझा मुलगा पावणेदोनचा, स्वतःचा डायपर काढून हातात आणून देतो, पाहुणे असतील तर पाहुण्यांना. हा टप्पा धरायचा का? आणि पॉटी सुरू करू का?

मधली सुट्टी
ओलं झाल्याचं कळतंय, सांगतोय, ही तयारी सुरू झाल्याची चांगली खूण. दीड-दोन तास कोरडा राहतो का, साधी सूचना पाळतो का, चड्डी खालीवर करता येते का, हेही बघा. पण घाई नको, बऱ्याच मुलांचं दोन ते तीनच्या मध्ये होतं, रात्रीचं त्याहून खूप उशिरा.

खडूस बोका
याचा वेगळा धागा काढा हो. इथे लोक केकबद्दल बोलतायत.

चिंचोका
काढला. "पाहुणे आणि डायपर" असं शीर्षक दिलंय, चालेल ना?

खडूस बोका
चालेल. मी तिकडे फिरकणार नाहीये.

टिकटिक
आत्ताच बघून आले. तिकडे पहिला प्रतिसाद बोकोबांचाच आहे, चार परिच्छेदांचा.